टॉमचं काय झालं?

दिवाळीच्या सुट्टीत आमगावजवळच्या आमच्या गावी गेले होते. हलका धान कापून झाला होता, भारी धान अजून बांधीत उभा होता, म्हणजे बाबांना रात्री जरा उसंत होती. लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि ‘इंटरस्टेलर’ लावला, हिंदीत डब केलेला. मी चौथ्यांदा बघत होते, बाबा पहिल्यांदा. 169 मिनिटांचा सिनेमा, मध्ये वीस मिनिटं लाईट गेली, त्यामुळे संपायला एक वाजला. कृष्णविवर येईपर्यंत आई गाढ झोपली होती. बाबा मात्र शेवटपर्यंत जागे राहिले आणि नावं सुरू झाल्यावर एवढंच म्हणाले, “अन् तो पोट्टा कुठं गेला? शेतीवाला?”

मला उत्तर देता आलं नाही. चार वेळा सिनेमा बघून हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

तुमच्यापैकी बरेच जण आता पेट-नेटची तयारी करताय आणि विज्ञानवाल्या माणसाला असे सिनेमे बघताना एक खोड लागते, तीच मलाही आहे: चुका काढायच्या. उद्ध्वस्त भविष्याचा सिनेमा दिसला की आपण लगेच हे शक्य आहे का, ते शक्य आहे का, असं तपासायला बसतो. त्यात मी धानावरच्या करपा रोगाच्या बुरशीवर पीएचडी करतेय आणि ‘इंटरस्टेलर’मध्ये जग संपतंय तेच मुळी पिकाच्या रोगानं. मग काय, माझी तर मेजवानीच.

त्या सिनेमात ‘ब्लाईट’ नावाचा रोग आधी गहू संपवतो, मग भेंडी (हो, भेंडी! तिचं शेवटचं पीक शेजारी जाळतात), आणि मग मक्याची पाळी येते. पहिला आक्षेप इथंच. रोगकारक जीव सहसा इतके सर्वभक्षी नसतात. माझी करप्याची बुरशी धानाला जेरीस आणते, पण त्याच बांधीच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या तुरीला तिच्याकडून काही होत नाही. दुसरा आक्षेप मोठा. सिनेमातले प्राध्यापक सांगतात की हा रोग हवेतल्या नायट्रोजनवर जगतो, म्हणून तो वाढत जाणार आणि ऑक्सिजन कमी होत जाणार. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे हे खरं. पण तो ‘श्वासात’ घेऊन ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला जिवाणूंना एटीपीचे किमान 16 रेणू मोजावे लागतात. धानाच्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ हेच काम करतं आणि आपण त्याला खत म्हणतो. आणि ऑक्सिजनचं म्हणाल तर वातावरणात त्याचा साठा इतका प्रचंड आहे की उद्या सगळी झाडं मेली तरी माणूस गुदमरून मरणार नाही. त्याच्या कितीतरी आधी उपाशी मरेल.

हे सगळं मी बाबांना लाईट गेलेली असताना ऐकवलं. ते “हाव, हाव” करत होते.

गंमत म्हणजे, या सिनेमाच्या विज्ञानावर मेहनत घेतलेली आहे. किप थॉर्नसारखा भौतिकशास्त्रज्ञ सोबत होता. कृष्णविवराची चित्रं काढण्यासाठी जे काम झालं त्यावर 2015 मध्ये ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’ या संशोधनपत्रिकेत पेपर निघाला. थॉर्न यांच्या पुस्तकात ब्लाईटवरही प्रकरण आहे. त्यासाठी ते कॅल्टेकच्या जीवशास्त्रज्ञांसोबत जेवायला बसले होते. थोडक्यात, कृष्णविवराला पेपर मिळाला आणि ब्लाईटला एक जेवण. पडद्यावरही तेच प्रमाण आहे. काचेआड वाळत चाललेला मका काही सेकंद दिसतो, आणि मग सगळी हुशार माणसं आकाशाकडे बघायला लागतात. नाव असलेला एकही वनस्पती-रोगतज्ज्ञ या सिनेमात नाही. आमच्या जमातीवर हा अन्याय आहे, पण ते असो.

बाबा कुठं अडले ते सांगते. पहिल्यांदा शाळेच्या प्रसंगात. मुख्याध्यापक नायकाला सांगतो की तुमच्या मुलाचे, टॉमचे, गुण कॉलेजला पुरेसे नाहीत, तो शेतकरी चांगला होईल. नायकाला ते झोंबतं आणि प्रेक्षकालाही झोंबावं अशीच मांडणी आहे. बाबा म्हणाले, “बरोबर तं बोलला मास्तर. जेवाले नाही तं काय कॉलेज करता?”

दुसऱ्यांदा अडले ते आगीपाशी. धुळीनं टॉमचं एक मूल आधीच गेलेलं असतं, बायको आणि दुसरा मुलगा खोकत असतात, तरी तो घर-शेत सोडायला तयार नसतो. त्याची शास्त्रज्ञ बहीण मर्फ काय करते, तर त्याच्या उभ्या मक्याला आग लावते. तो विझवायला धावला की तिला घरातल्यांना बाहेर काढता यावं म्हणून. तिकडे संगीत चढत जातं, तिला कोडं सुटतं, काजळलेल्या तोंडाचा टॉम परत येतो आणि ती त्याला आनंदानं मिठी मारते. त्यानंतर टॉम सिनेमात नाहीच. शेवटी अंतराळातल्या वसाहतीत म्हातारी मर्फ आहे, तिची मुलं-नातवंडं आहेत, ते जुनं घर संग्रहालय करून ठेवलंय. बाप इतक्या वर्षांनी परत आलाय आणि मुलाचं काय झालं हे कोणाला विचारतसुद्धा नाही.

“भावाचं उभं पीक जाळलं तिनं,” बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, “2017 ले मी पेटवली होती ना मागची बांधी. माचिस तीनदा विझली.”

2017 च्या खरिपात भंडारा, गोंदिया आणि शेजारच्या जिल्ह्यांत धानावर तपकिरी तुडतुडे आले होते. बुंध्याशी बसून रस शोषणारी ही कीड. शेतात गोल गोल चट्टे पडतात, लांबून बघितलं तर कोणी जागोजाग आग लावून गेल्यासारखे. सरकारनं नंतर मदतही जाहीर केली. मी तेव्हा बीएस्सीला होते, होस्टेलवर. बांधी पेटवली हे मला आईकडून कळलं होतं. बाबा त्यावर कधी बोलले नव्हते. आठ वर्षांनी बोलले ते एका अमेरिकन सिनेमातल्या मक्यावरून. (तो मका खरा होता बरं. दिग्दर्शक नोलननं कॅनडात शूटिंगसाठी 500 एकर मका लावला आणि उरलेला विकून नफा कमावला. हे सांगितल्यावर बाबा मनापासून हसले.)

तेव्हापासून मला वाटायला लागलंय की मी नेहमी चुकीच्या जागी चूक शोधत होते. नायट्रोजनचं गणित चुकलं म्हणून सिनेमा फसत नाही. सिनेमाला एक अशक्य गोष्ट मान्य करून पुढे जायची मुभा असते. ‘स्नोपियर्सर’ (2013) बघा. पृथ्वी थंड करायला फवारलेल्या पदार्थामुळे सगळं गोठतं आणि उरलेली माणसं एका न थांबणाऱ्या रेल्वेत. विज्ञान म्हणून हास्यास्पद. पण एकदा ती रेल्वे मानली की पुढचा प्रत्येक प्रश्न तो विचारतो: शेवटच्या डब्यातल्यांना किड्यांच्या वड्या आणि पुढच्या डब्यात सुशी का? 1973 चा ‘सॉयलेंट ग्रीन’ तर 2022 सालात घडतो आणि त्यात जॅमच्या एका बाटलीला 150 डॉलर पडतात. भाव सांगितला की जग उभं राहतं. ‘इंटरस्टेलर’ अन्नाचा एवढा दुष्काळ दाखवतो, पण मका कोणाला मिळतो, कितीला मिळतो, कोणाला मिळत नाही, याबद्दल चकार शब्द नाही. रोग हेच एकमेव कारण.

आपल्याकडे हा वाद खरोखर झालाय. बंगालच्या 1943 च्या दुष्काळाबद्दल वनस्पती-रोगतज्ज्ञ पद्मनाभन यांनी 1973 मध्ये लिहिलं की 1942 साली धानावर आलेला तपकिरी ठिपक्यांचा रोग हे मोठं कारण होतं. 1981 मध्ये अमर्त्य सेन यांनी मांडलं की धान्य होतं, ते विकत घेण्याची ऐपत लोकांकडे उरली नव्हती. मी बुरशीवाली, मनातून पद्मनाभन यांच्या बाजूची. तरी दोन्ही एकापाठोपाठ वाचा. बुरशी पानावर ठिपका पाडते. त्या ठिपक्यापासून माणसाच्या मरणापर्यंत मध्ये बाजार, युद्ध, सरकार असं बरंच काही असतं.

आता माझं. तीन हंगाम मी करप्याची तीव्रता मोजतेय. ठरवलेल्या बांध्यांत पेरणीपासून कापणीपर्यंत ठरावीक दिवशी जायचं, पानं आणि लोंब्या तपासायच्या, आकडा टाकायचा. काही बांध्यांत शेवटच्या फेरीला गेले तर पीकच नव्हतं. कोणी आधीच कापून गुरांना टाकलं होतं, कोणी नांगर फिरवला होता. तक्त्यात मी तिथं ‘नमुना उपलब्ध नाही’ लिहिलं आणि विश्लेषण करताना त्या ओळी काढून टाकल्या. पद्धतीला धरूनच होतं ते, माझ्या सल्लागार समितीतही कोणी हरकत घेतली नाही.

दिवाळीनंतर परत आल्यावर तो तक्ता उघडला. काढलेल्या ओळी 11 होत्या. त्यातल्या नऊ बांध्यांत मधल्या फेऱ्यांचे आकडे सगळ्यात वाईट होते. म्हणजे रोग ज्यांना सगळ्यात जास्त लागला तेच माझ्या आलेखात नाहीत, आणि आलेख दाखवतोय की कापणीच्या सुमारास रोग ओसरतो.

मार्गदर्शकांना दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, सहा महिने धरून चाल. सध्या त्या 11 शेतकऱ्यांना फोन करतेय. सात जणांशी बोलणं झालंय. एक जण शेत ठेक्यानं देऊन नागपूरला गेलाय, तो रविवारीच उचलतो.