‘आम्ही’चा कर्ता : सबलीकरणाची परिभाषा आणि दलित स्त्रियांचे लेखन

‘स्त्रियांचे सबलीकरण’ ही संज्ञा शासकीय कागदपत्रांतून आपल्या वैचारिक गद्यात आली आणि स्थिरावली. तिची घडण मात्र फारशी तपासली गेली नाही. सबलीकरण म्हणजे जे सबल नव्हते ते सबल करणे. जिचे सबलीकरण व्हायचे ती मुळात अबला आहे, आणि ते करणारा तिच्याबाहेरचा कोणी आहे, अशी दोन गृहीतके या एका शब्दात दडलेली आहेत. स्त्री येथे वाक्याचे कर्म ठरते, कर्ता नव्हे.

२४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील, सहस्रकुंडाजवळच्या इस्लापूरसारख्या गावापर्यंत ही तरतूद पोचली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिच्या पाठोपाठ ‘सरपंचपती’ हा शब्दही मराठीत रूढ झाला, हे भाषेच्या अभ्यासकाला विसरता येत नाही. कायदा पद देतो. कर्तेपण देतोच असे नाही. ते कोठून येते, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच साहित्यसमीक्षेचाही आहे. दलित स्त्रियांच्या लेखनात त्याची काही उत्तरे सापडतात.

उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांच्या मुलाखती हा त्याचा गाभा. त्याचे शीर्षक हेच एक प्रतिपादन आहे. मराठीत ‘आपण’ हे सर्वनाम ऐकणाऱ्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला वगळते. येथील ‘आम्ही’ चळवळीतील पुरुषांना उद्देशून उच्चारलेला आहे, आणि ‘ही’ हे अव्यय त्यांनी लिहिलेल्या इतिहासातील रिकाम्या जागेवर बोट ठेवते. आणखी एक गोष्ट अशी की ‘घडवला’ हे क्रियापद कर्माच्या लिंगाने चालते. कर्ता स्त्री आहे की पुरुष, हे वाक्यावरून कळतच नाही. इतिहासानेही स्त्रियांच्या बाबतीत नेमके हेच केले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तिला हजारो स्त्रिया आल्या. या परिषदेची आठवण बहुधा बाबासाहेबांच्या भाषणासाठी काढली जाते. ती भरवणाऱ्या आणि तिथवर चालत आलेल्या स्त्रिया गर्दी म्हणून उरतात. पवार-मून यांनी या गर्दीला नावे दिली.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) याच ‘आम्ही’चे दुसरे रूप. फलटणला छोटे दुकान चालवताना पुड्या बांधायच्या रद्दीतून त्या वाचत गेल्या आणि घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या. त्यांचे आत्मकथन जवळजवळ संपूर्णपणे समाजाचे कथन आहे. या ‘आमुचं’मध्ये नेतृत्वाची जाणीव आहे, कारण बोलणारी स्वतःसाठी काही मागत नाही, साऱ्या वस्तीची साक्ष देते. मात्र तिची किंमतही आहे. पतीचा संशय आणि मारहाण यांविषयी त्या मोकळेपणी बोलल्या त्या माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत. ही मुलाखत २००८ च्या इंग्रजी अनुवादासोबत आली. मूळ संहितेत ‘आम्ही’ने ‘मी’ला गप्प केले होते. ज्या समूहाने बोलण्याचे बळ दिले, त्याच्या अब्रूसाठी हे मौन पाळले गेले, असा अन्वयार्थ लावावा लागतो. सामूहिक कर्तेपणाचा गौरव करणाऱ्या समीक्षेने हे मौन हिशेबात धरले नाही, तर ती त्या अन्यायात सामील होते.

‘आयदान’ (२००३) मध्ये उर्मिला पवार ‘मी’कडे वळतात. शिक्षण, सभा आणि लेखन यांसाठी स्वतःच्या संसारात द्यावा लागलेला झगडा त्या आडपडदा न ठेवता मांडतात. तरी हे आत्मकथन ‘आम्ही’ला सोडचिठ्ठी देत नाही. आईच्या बांबूकामाची वीण आणि लेकीच्या लेखनाची वीण त्यात एकमेकींशी नाते सांगतात. ज्या लेखिकेने आधी इतरांचे शब्द टिपून घेतले, तिला नंतर स्वतःचे शब्द सापडले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. स्वयंप्रेरित नेतृत्वाची सुरुवात बोलण्याने होते असे आपण मानतो. येथे ती ऐकण्याने झाली आहे.

या विवेचनाला एक मर्यादा आहे. वरील तिन्ही पुस्तके लिहित्या हातांची आहेत. किनवट तालुक्यात बंजारा, आंध, गोंड, कोलाम समाजांच्या स्त्रिया आहेत. गोरमाटी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या अनेकींसाठी मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा. ग्रामसभेत त्यांच्यापैकी एखादी उठून बोलते, तेव्हा इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढेच उमटते. कर्ता पुन्हा गायब. ते वाक्य आणि त्याखालचा अंगठा ही संहिता मानून वाचण्याची तयारी आपल्या समीक्षेने अद्याप दाखवलेली नाही. ‘आम्हीही’ म्हणणाऱ्या स्त्रियांनी इतिहासकारांकडे जो हिशेब मागितला, तो इस्लापूरच्या बाजूने कोणी आपल्याकडे मागितला, तर आपल्यापाशी उत्तर नाही.