आगबोटीची आठवण, अर्धीच
मंडळी, बॉयलर म्हणजे काय, हे दीपनगरात सांगायला नको. रेल्वेचं जाळं पसरण्याआधी मिसिसिपीवर कापूस, टपाल, माणसं आगबोटींनीच जायची. मार्क ट्वेन तिथला पायलट. ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’चा (१८८३) उत्तरार्ध रेंगाळतो, ते सोडा. पण १८५८ साली ‘पेनसिल्व्हानिया’चे बॉयलर फुटले नि धाकटा हेन्री गेला, हे त्यानं त्याच प्रेमाच्या पुस्तकात लिहिलं. हेन्रीला बोटीवर त्यानंच लावलं होतं!

आमची तक्रार आपल्या कोकणबोटींच्या आठवणींबद्दल आहे. त्यांत भोंगा असतो, भाऊचा धक्का असतो, पडावातून उतरणं असतं. १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेवर माणसं गेली. ती मात्र बहुधा वेगळ्या स्मरणलेखात.