धर्मविषय आणि शिक्षकांचे सहकार्य : नॉर्वेच्या अभ्यासक्रमाची एक समीक्षा

नॉर्वेच्या निम्न माध्यमिक शाळेत, म्हणजे आठवी ते दहावी या तीन इयत्तांत, ख्रिस्ती धर्म, इतर धर्म, जीवनदृष्टी आणि नीतिशास्त्र यांचा मिळून एक विषय शिकविला जातो. २०२० पासून टप्प्याटप्प्याने अमलात आलेल्या अभ्यासक्रमाने सार्वजनिक आरोग्य व जीवनकौशल्य, लोकशाही व नागरिकत्व आणि शाश्वत विकास अशी तीन आंतरविषयक सूत्रे घालून दिली. धर्माच्या शिक्षकाने अन्य विषयांच्या शिक्षकांशी सहकार्य करावे, ही अपेक्षा त्यांतूनच उद्भवते. तिचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

या योजनेतील मुख्य उणीव अशी की, ती सूत्र देते, प्रश्न देत नाही. 'शाश्वत विकास' एवढेच सांगितले, तर विज्ञानाचा शिक्षक तापमानवाढीचे आलेख मांडील, समाजशास्त्राचा शिक्षक साधनसंपत्तीच्या वाटपाविषयी बोलेल, आणि धर्माच्या शिक्षकाच्या वाट्याला अखेरीस एखादे सुभाषित तेवढे उरेल. यास सहकार्य म्हणता येणार नाही. ही केवळ शेजारधर्माची मांडणी झाली.

याउलट १८५२ चा कौतोकेइनो येथील सामी लोकांचा उठाव घ्यावा. लार्स लेव्ही लेस्टाडियस याच्या धर्मजागृतीने भारावलेल्या या लोकांनी एक व्यापारी आणि एक शासकीय अंमलदार यांस ठार केले व धर्मोपदेशकास फटके मारले. केवळ इतिहासाच्या शिक्षकाकडे हा प्रसंग सोपविला, तर दारूचा व्यापार आणि रेनडियरांच्या कळपांना त्याच वर्षी बंद झालेली फिनलंडची सरहद्द, एवढीच कारणे पुढे येतील. केवळ धर्माच्या शिक्षकाकडे सोपविला, तर तो धर्मवेडाचा उद्रेक ठरेल. आस्लाक हेट्टा आणि मोन्स सोम्बी यांस १८५४ मध्ये देहदंड देण्यात आला. त्यांची मस्तके मात्र विद्यापीठाकडे गेली आणि त्यांचे दफन १९९७ पर्यंत लांबले. शास्त्राने ती का मागितली, याचे उत्तर विज्ञानाच्या शिक्षकाने द्यावयास हवे. येथे प्रश्न एकच असून त्याचे उत्तर कोणा एका विषयाच्या आवाक्यात नाही. म्हणूनच सहकार्य अपरिहार्य होते.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. १९९७ मध्ये हा विषय सर्वांना आवश्यक झाला व त्यातून केवळ अंशतः सूट ठेवण्यात आली. मानवतावादी पालकांच्या दाव्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये ९ विरुद्ध ८ मतांनी नॉर्वेविरुद्ध निर्णय दिला. धर्माविषयीचे ज्ञान आणि धर्माचे आचरण यांतील सीमारेषा वर्गात राखणे किती दुष्कर आहे, हे या वादाने स्पष्ट केले. ही रेषा राखण्याची सवय धर्माच्या शिक्षकास झालेली असते. संगीताच्या तासाला स्तोत्र गाऊन घेणाऱ्या सहकाऱ्यास ती असेलच असे नाही. सहकार्याने विषयांच्या भिंती विरळ होतात, तेव्हा ही जबाबदारीही सर्वांची होते. पण सूत्रांची यादी एवढ्याने ती कोणाच्याही अंगी बाणत नाही.

तात्पर्य, सहकार्याची कसोटी किती शिक्षक एकत्र आले ही नसून, त्यांतील एक जरी वगळला तरी प्रश्न अपुरा राहतो की नाही, ही आहे. या कसोटीस न उतरणारे उपक्रम शाळेने खुशाल सोडून द्यावेत. धर्मविषयाची त्यात हानी नाही.