हौशी गळ्यांतील उषःसूक्त

पाश्चात्त्य वृंदगान म्हणजे परक्या देवळातील परके संगीत, असा समज आपल्या घराघरांतून आहे. इंग्रज रचनाकार गुस्ताव होल्स्ट यांची ऋग्वेदसूक्तांवरील वृंदगीते (१९०८ ते १९१२) ऐकल्यावर तो टिकत नाही. होल्स्ट हिंदुस्थानात कधी आले नाहीत. उपलब्ध भाषांतरे न रुचल्याने त्यांनी लंडनमध्ये संस्कृतचे धडे घेतले आणि सूक्ते स्वतः इंग्रजीत उतरविली.

यांतील तिसरा संच स्त्रीकंठ आणि हार्प यांसाठी आहे. त्यात उषा, आप, वेन आणि प्रवासी यांची चार सूक्ते आहेत. होल्स्ट मुलींच्या शाळेत आणि नोकरदार प्रौढांच्या वर्गांत शिकवीत. १९१६ च्या जूनमध्ये आपल्या हौशी शिष्यांना एसेक्समधील थॅक्स्टेड गावी नेऊन तेथील चर्चमध्ये त्यांनी बाख आणि पर्सेल त्यांच्याकडून गाऊन घेतले. हौशी गळ्याची मर्यादा जाणणाऱ्याची ही रचना आहे. उषःसूक्तात गळ्याची कसरत नाही. स्वर एकमेकांना टेकून हलकेच उघडतात. मात्र उदात्त-अनुदात्ताचा मागमूस नाही, आणि वेदपाठ ऐकलेल्या कानाला ते खटकल्यावाचून राहत नाही.

फ्रेंच रचनाकार आल्बेर रूसेल १९०९ साली प्रत्यक्ष भारतात आले. त्या प्रवासातून सुचलेल्या ‘एव्होकासियाँ’ या त्रिखंड रचनेचे पहिले खंड आपल्या वेरूळच्या लेण्यांवर आहे. त्यात मानवी कंठ मुळीच नाही, केवळ वाद्यवृंद आहे. वृंदगान येते ते तिसऱ्या खंडात, काशीच्या गंगातीरी. वेरूळ पाहून शब्द न सुचणे आम्हांस प्रामाणिक वाटते. पण रूसेल यांचा भारत दुरून पाहिलेल्या भव्य चित्रासारखा राहतो. न पाहिलेल्या होल्स्ट यांचा अधिक जवळचा वाटतो, कारण तो साध्या माणसांच्या तोंडी घातलेला आहे.

ज्या १९५६ साली नेपानगरची कागद गिरणी राष्ट्राला अर्पण झाली, त्याच साली मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी हौशी गायकांचा वृंद उभारला. पुढे १९६७ पासून कुमी वाडिया यांनी तो कित्येक दशके सांभाळला. वनराज भाटिया यांनी लंडन आणि पॅरिस येथे शिकून या वृंदासाठी भारतीय वळणाच्या रचना केल्या. आपली महिला भजनी मंडळे मात्र अजून एकाच चालीत, एकाच स्वरात गातात. त्या एकस्वराची गोडी आम्ही नाकारीत नाही. तरी निम्म्या भगिनींनी षड्ज धरून ठेवावा आणि निम्म्यांनी चाल पुढे न्यावी, एवढा प्रयोग येत्या गणेशोत्सवात एखाद्या मंडळाने करून पाहावा; पहिल्या तालमीत गोंधळ होईल, तो होऊ द्यावा.