मुक्त सॉफ्टवेअरचे साहाय्य-वाङ्मय : पवईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ पाठांची चिकित्सा

मुक्त सॉफ्टवेअरची चर्चा आपल्याकडे प्रायः दोन अंगांनी होते. एक अंग तत्त्वाचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य हा या चळवळीचा पाया ठरला, हा इतिहास आता सर्वपरिचित आहे. दुसरे अंग खर्चाचे. परवान्याचे पैसे वाचतात, हा मुद्दा महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांत आवर्जून मांडला जातो. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात ही दोन्ही अंगे कोंबली गेल्यामुळे जो घोळ झाला, तो मराठीत होण्याचे कारण नव्हते. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन स्वतंत्र शब्द आपल्याजवळ आहेत. तथापि तिसऱ्या एका अंगाकडे दुर्लक्षच झाले. लिनक्स घेतलेल्या माणसाचे यंत्र अडले, तर त्याला मदत कोणत्या रूपात, कोणाकडून आणि कोणत्या भाषेत मिळते? ही मदत बहुतांशी शब्दांची असते. म्हणजे ते एक प्रकारचे वाङ्मय आहे आणि त्याची समीक्षा होऊ शकते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या उपनगरात सिद्ध झालेल्या अशा वाङ्मयाचा विचार केला आहे.

अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, घरगुती संगणक बिघडला की उपनगरांत एक ठरलेला उपाय ऐकू येतो : ‘फॉरमॅट मारून घ्या.’ हा वाक्प्रचार बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात ‘का बिघडले’ हा प्रश्नच नाही. दुरुस्ती करणारा तबकडी पुसतो, सारे नव्याने भरतो आणि पुढच्या घरी जातो. त्याच्या दृष्टीने हे व्यवहार्यच आहे, कारण निदानाला तास लागतात आणि निदानाचे पैसे कोणी देत नाही. पण यात बिघाडाचे कारण दुरुस्ती करणाऱ्यालाही कळत नाही, मालकालाही नाही, आणि तोच बिघाड सहा महिन्यांनी परत येतो. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यातील असंख्य लोकांना संगणकाची पहिली ओळख करून दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र ती ओळख प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिस यांच्या वापराची होती. दोषशोध हा तिचा विषय नव्हता.

लिनक्सची परंपरा याच्या नेमकी उलट. येथे यंत्र काय करते आहे ते नोंदींच्या फायलींत लिहिले जाते, प्रत्येक आज्ञेमागे माहितीपान असते, आणि पुसून टाकणे हे हार मानल्यासारखे समजले जाते. या परंपरेचा आचारधर्म एरिक रेमंड व रिक मोएन यांनी २००१ मधील एका निबंधात घालून दिला. प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत, हा त्याचा विषय. आधी स्वतः शोधा, माहितीपान वाचा, काय केले आणि काय दिसले ते अचूक लिहा, तर्क सांगू नका, लक्षणे सांगा, असा त्यांचा उपदेश आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही हे मान्य व्हावे. निबंधाचा स्वर मात्र दरवाजा राखणाऱ्याचा आहे. मदत मागणाऱ्याने आपण आळशी नाही हे आधी सिद्ध करायचे, मग आत यायचे. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना व्याकरणाच्या चुका काही प्रमाणात माफ केल्या आहेत. पण उत्तर देणाऱ्याची भाषा ठाऊक नसेल तर इंग्रजीतच लिहा, असा सल्लाही त्यातच आहे. वस्तुस्थिती पाहता तो सल्ला चुकीचा नाही. तरी त्याचा परिणाम काय होतो, ते पाहिले पाहिजे.

करीम लखानी आणि एरिक फॉन हिप्पेल यांनी ‘रिसर्च पॉलिसी’ या नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात मूलगामी आहे. अपाची या वेब सर्व्हरच्या वापरकर्त्यांना अनोळखी लोक फुकट उत्तरे का देतात, हे त्यांनी तपासले. परोपकार हे उत्तर सोयीचे होते. अभ्यासातून वेगळेच निघाले. उत्तर देणाऱ्यांचा ९८ टक्के प्रयत्न त्यांना स्वतःलाच शिकवणारा असतो. ते दुसऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरे वाचायला येतात. वाचताना एखाद्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असले तर दोन-चार मिनिटांत ते लिहून टाकतात. याचा अर्थ असा, की मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात मदत हे दान नसून शिक्षणाचा मुख्य मार्ग आहे. जो या देवघेवीच्या बाहेर राहिला, तो केवळ मदतीला मुकत नाही, शिकण्यालाही मुकतो. इंग्रजीत प्रश्न लिहिण्यास कचरणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी नेमका येथे बाहेर राहतो. उबंटूच्या सीडी २०११ पर्यंत टपालाने फुकट मागवता येत. प्रणाली घरपोच आली, तिच्याविषयी बोलण्याची भाषा आली नाही.

मुंबईच्या उपनगरांनी या क्षेत्रात आधीही काम केले आहे. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने (हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले) ‘इंडिक्स’ प्रकल्पाद्वारे लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिपी आणण्याचा प्रयत्न केला. तेथेच सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या ‘रघु’ टंकाची सिद्धता झाली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन जी. यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची धुरा दीर्घकाळ वाहिली. मात्र त्या काळाची निकड अक्षरे नीट दिसण्याची आणि तत्त्व रुजवण्याची होती. अडलेल्या वापरकर्त्याशी मराठीत बोलावे, हे काम पद्धतशीरपणे हाती घेतले ते पवईच्या आयआयटीने.

प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली, माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाच्या (२००९) अर्थसाहाय्याने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प म्हणजे सुमारे दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिचित्र-पाठांचा संग्रह होय. पाठात शिक्षकाचा चेहरा नसतो. असतो तो फक्त संगणकाचा पडदा आणि निवेदन. संहिता दोन स्तंभांत लिहिली जाते : एकात पडद्यावर काय दिसावे, दुसऱ्यात काय बोलावे. मूळ इंग्रजी पाठ तयार झाला की केवळ निवेदनाचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रण होते. चित्र तेच राहते. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडून, थांबवत थांबवत, पाठातली कृती जशीच्या तशी करून पाहायची.

मराठी निवेदनाची भाषा पाहता ती परिभाषाकोशातून आलेली नाही, हे प्रथम लक्षात येते, आणि ते स्वागतार्ह आहे. फाइलला कोणी ‘धारिका’ म्हणते, कोणी ‘संचिका’. या पाठांत ती ‘फाइल’च असते. नामे इंग्रजी, क्रियापदे मराठी : क्लिक करा, टाइप करा, एंटर दाबा, आता आपण पाहू. प्रयोगशाळेत शिक्षक बोलतो ते असेच. रेमंड यांच्या निबंधातला दरवाजा राखणारा स्वर येथे नाही. ऐकणाऱ्याला काही येत नाही असे गृहीत धरूनही त्याला कोठे कमी लेखलेले नाही. साहाय्य-वाङ्मयात हा गुण दुर्मीळ आहे.

पडदा इंग्रजीच ठेवण्याच्या निर्णयावर आक्षेप घेता येईल, किंबहुना भाषाभिमान्यांनी तो घ्यावा असाच आहे. प्रकल्पाची बाजू रोजगाराची आहे : नोकरीत समोर येणारा पडदा इंग्रजीच असणार. परंतु याहून सबळ कारण दोषनिवारणाच्या व्यवहारात सापडते. ‘परमिशन डिनाइड’ हा संदेश ‘परवानगी नाकारली’ असा मराठीत आला (सरकारी कचेरीतल्या शेऱ्यासारखा तो वाटतो, हे सोडून देऊ) तर अर्थ कळेल, पण मार्ग बंद होईल. कारण दोष-संदेश हे नुसते वाक्य नसते, तो एक पत्ता असतो. त्या नेमक्या शब्दांनी शोध घेतला की जगभरात त्याच जागी अडलेली माणसे सापडतात; अनुवादित शब्दांनी कोणीच सापडत नाही. म्हणूनच अनुभवी वापरकर्ते आज्ञेपुरती यंत्राची भाषा बदलून मूळ इंग्रजी संदेश पाहून घेतात. संदेश इंग्रजी आणि स्पष्टीकरण मराठी, ही पवईची विभागणी, हेतू वेगळा असला तरी, दोषशोधाला अनुकूल आहे.

खरा दोष दुसरीकडे आहे. संहिता मुद्रित होण्यापूर्वी तिची ‘नवशिक्या-चाचणी’ होते. त्या विषयाची माहिती नसलेली व्यक्ती केवळ संहितेच्या आधारे सर्व कृती करून पाहते. ती जेथे अडखळते तेथे संहिता सुधारली जाते. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने ही उत्तम पद्धत आहे. परंतु तिचा एक परिणाम असा, की नवशिक्याचे अडखळणे अंतिम पाठातून नाहीसे होते. अडला कोठे, संदेश काय आला, सुटला कसा, हेच तर दोषनिवारणाचे ज्ञान. ते वापरून झाल्यावर टाकून दिले जाते. उरतो तो निर्वेध मार्ग. त्या मार्गावरून जाणारा पुढचा विद्यार्थी अडखळला, तर आधीही कोणी येथे अडखळले होते हे त्याला कळण्याची सोय नसते.

‘सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर’वरील पाठाचे उदाहरण घ्यावे. लिनक्समध्ये नवे सॉफ्टवेअर कसे घ्यावे, हा त्याचा विषय. इंटरनेट जोडणी आणि प्रशासकाचे अधिकार या दोन पूर्वअटी तो आधीच सांगतो आणि प्रॉक्सीची मांडणीही दाखवतो. महाविद्यालयांतील बरीच जाळी प्रॉक्सीमागे असतात, हे जाणून केलेली ही तजवीज आहे. पण पाठ उबंटूच्या २०१० सालच्या आवृत्तीवर आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये उबंटूने पडद्याची मांडणी बदलली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आवृत्तीतून सिनॅप्टिक हे मुळात समाविष्ट सॉफ्टवेअरमधून वगळले गेले. त्यानंतरच्या उबंटूवर पाठ लावणाऱ्याला सांगितलेल्या जागी मेनू सापडत नाही आणि सिनॅप्टिकही सापडत नाही. आवृत्ती बदलणे हा पाठाचा दोष नव्हे. मुक्त सॉफ्टवेअर वेगाने बदलते. परंतु ‘हे तुमच्याकडे दिसत नसेल तर काय पाहावे’ हे एक वाक्य पाठाला बारा वर्षांचे आयुष्य देऊ शकले असते. शेजारी-शेजारी शिकण्याच्या पद्धतीचे सारे बळ दोन पडदे सारखे असण्यात आहे. ते वेगळे झाले, की विद्यार्थ्याच्या हाती काहीच राहत नाही.

हे करणे प्रकल्पाला अशक्य नव्हते, याचा पुरावा त्याच संग्रहात आहे. सी आणि सी++ भाषांच्या मालिकेत संभाव्य चुकांचा भाग मुद्दाम घातलेला आहे. निवेदक अर्धविराम किंवा कंस काढून टाकतो, आज्ञावली पुन्हा चालवतो, आलेला संदेश वाचून दाखवतो, ओळीचा क्रमांक पाहून चूक दुरुस्त करतो. संग्रहातील सर्वांत जिवंत क्षण हे आहेत. विद्यार्थ्याला तेथे प्रथमच कळते, की दोष-संदेश वाचायचा असतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाठांत मात्र ही पद्धत अभावानेच आढळते. वास्तविक तिची गरज तेथे अधिक होती. आज्ञावलीतली चूक स्वतःची असते, प्रणालीतला बिघाड कोणाचा आहे हेच आधी शोधावे लागते.

अडलेल्यासाठी प्रकल्पाने प्रश्नाची सोय ठेवली आहे आणि तिची रचना कल्पक आहे. प्रश्न विचारताना पाठ कोणता आणि त्यातले मिनिट व सेकंद कोणते, हे निवडावे लागते. रेमंड यांना जी अचूकता लांबलचक उपदेशाने हवी होती, ती येथे घड्याळाने साधली. शब्द न सापडणाराही ‘येथे’ असे बोट ठेवू शकतो. पण पुढचा मजकूर लिहायचा तो बहुधा इंग्रजीत. दहा मिनिटे मराठीत ऐकलेला विद्यार्थी प्रश्नाच्या क्षणी पुन्हा त्याच उंबरठ्यावर येतो. मराठीत ऐकण्याची व्यवस्था झाली. मराठीत विचारण्याची आणि, लखानी-फॉन हिप्पेल यांच्या निष्कर्षानुसार त्याहून महत्त्वाची, मराठीत उत्तर देण्याची झाली नाही. केरळच्या २००१ पासूनच्या ‘आयटी ॲट स्कूल’ उपक्रमाशी तुलना येथे अपरिहार्य ठरते. तेथे शाळांतील शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले गेले. मलयाळममध्ये विचारणारा आणि मलयाळममध्ये उत्तर देणारा एकाच जिल्ह्यात होते, आणि कालचा विचारणारा आज उत्तर देत होता.

आपल्या महाविद्यालयांत अशी साखळी जुळण्याची जागा प्रयोगशाळा हीच आहे, आणि तेथला रूढ लेखनप्रकार म्हणजे विद्यार्थ्याचे जर्नल. उद्दिष्ट, आज्ञावली, निष्पत्ती या ठराविक क्रमाने ते लिहिले जाते, शिक्षक ते प्रमाणित करतात आणि त्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. त्यात निष्पत्ती नेहमी बरोबर असते. पहिल्या तीन प्रयत्नांत आलेले संदेश कच्च्या वहीत राहतात आणि सत्र संपल्यावर ती वही रद्दीत जाते. त्या संदेशांसाठी जर्नलात एक रकाना ठेवला, मूळ संदेश इंग्रजीत आणि ‘काय केले’ ते मराठीत लिहू दिले, तर पुढच्या तुकडीला तो वाचता येईल. त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. जर्नलवर सही करणाऱ्या शिक्षकाने चुकलेल्या निष्पत्तीवरही सही करण्याची तयारी मात्र लागते.