‘नेब्रास्का’ आणि घरच्या मिक्सची दंतकथा

घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांच्या गप्पांत ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’चं नाव हमखास निघतं. १९८२ चा हा अल्बम बेडरूममध्ये, कॅसेटवर रेकॉर्ड झाला, बड्या कंपनीने तो तसाच काढला आणि तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. मग महागडा स्टुडिओ हवाच कशाला? माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धवट. आणि या अल्बमकडून घरी मिक्स करणाऱ्याने घेण्यासारखं जे आहे, ते नेमकं याच निष्कर्षामुळे हातचं सुटतं.

आधी सामान पाहू. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथलं भाड्याचं घर. टिॲक कंपनीचा १४४ हा पोर्टास्टुडिओ, शुअरचे दोन एसएम ५७ माईक, टेपवर चालणारं एकोप्लेक्स हे एको-यंत्र आणि शेवटचा मिक्स उतरवून घ्यायला पॅनासॉनिकचा एक जुना टेपरेकॉर्डर. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंवर दोन-दोन ट्रॅक असतात. पोर्टास्टुडिओ ते चारही एकाच दिशेने, दुप्पट वेगाने वापरायचा. म्हणजे कॅसेट उलटून दुसरी बाजू वापरायची सोय गेली, पण एका गाण्याला चार स्वतंत्र ट्रॅक मिळाले. स्प्रिंगस्टीनला अल्बम करायचाच नव्हता. स्टुडिओत गाणी रचत बसण्यात फार वेळ आणि पैसा जायचा, म्हणून बँडला ऐकवण्यापुरते कच्चे नमुने घरी करून ठेवावेत, एवढाच बेत होता.

मिक्सिंग म्हणजे कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता डावीकडे हे ठरवणं, अशी सोपी व्याख्या आपण करतो. चार ट्रॅकवर हे ठरवण्याचं काम रेकॉर्डिंगच्या आधीच सुरू होतं. गळा आणि गिटार यांनी दोन ट्रॅक खाल्ले की उरतात दोन. तिथे मेंडोलिन घ्यायचं की दुसरा गळा, याचं उत्तर ‘पुढे बघू’ असं देता येत नाही. ‘अटलांटिक सिटी’त साथीचा आवाज आणि मेंडोलिन येतात ते याच उरलेल्या जागेत, आणि म्हणून ते आल्याचं जाणवतं. १९५७-५८ च्या खुनांवर बेतलेल्या शीर्षकगीतात खुनी स्वतःच बोलतो. तिथे हार्मोनिका सोडली तर आवाजाच्या आसपास जवळजवळ काहीच नाही. ‘स्टेट ट्रूपर’मध्ये गिटारची एकच धडधड चालू राहते आणि शेवटाकडे किंकाळी फुटते. त्या धडधडीवर ड्रम चढवले असते तर किंकाळी नुसता जोश वाटली असती. इथे ती भीती वाटते.

ही माझी कल्पना नाही असं आता म्हणता येतं, कारण बँडबरोबर केलेले प्रयत्न २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बँड कुठेही कमी पडलेला नाही. पण ड्रम आले की ‘अटलांटिक सिटी’तला माणूस एकटा राहत नाही, त्याच्यामागे चार माणसं उभी आहेत असं वाटतं, आणि मग त्याच्या हातून काय होणार याची काळजी ओसरते. उलट ‘बॉर्न इन द यूएसए’ हे गाणंही त्याच घरगुती कॅसेटवरचं. ते बाजूला ठेवलं गेलं आणि १९८४ मध्ये बँडच्या दणक्यासह आलं. म्हणजे ‘कमी तेवढं चांगलं’ असा नियम इथे नाही. प्रत्येक गाण्याला किती माणसं खोलीत हवीत, हा प्रश्न आहे.

दंतकथेला खटकणारी दुसरी बाजूही आहे. एकोप्लेक्स मिक्स उतरवतानाच लावलेला, त्यामुळे तो त्या कॅसेटमध्ये कायमचा मुरला. स्टुडिओत तोच भाव पुन्हा जमेना, तेव्हा स्प्रिंगस्टीनने बिनडबीची खिशात वागवलेली ती कॅसेटच वापरायचं ठरलं. पण तिच्यावरून तबकडी कापणं कसलेल्या तंत्रज्ञांनाही जड गेलं. घरात जे झालं ते बाहेर पोहोचवायला स्टुडिओच लागला. एसएम ५७ हाही खेळण्यातला माईक नव्हे. स्टुडिओत आणि रंगमंचावर तो रोज वापरला जातो.

आणि अल्बम निर्दोषही नाही. सगळ्या गाण्यांवर साधारण एकाच जातीचा एको आहे. ‘हायवे पॅट्रोलमन’मध्ये पोलीस असलेला भाऊ गुन्हेगार भावाला निसटू देतो, ही गोष्ट कानाशी बसून सांगावी अशी. ‘माय फादर्स हाउस’ स्वप्नातली. दोन्हींमधलं अंतर वेगळं हवं होतं, पण ऐकताना दोन्ही त्याच रिकाम्या खोलीतून येतात. सलग ऐकलं तर दुसऱ्या बाजूला कान थकतो. हा तोटा त्याच मर्यादेतून आलेला आहे ज्यातून अल्बमचं बळ आलं.

आज लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडता येतात आणि कॅसेटची खरखर प्लगिनमधून विकत मिळते. ‘नेब्रास्का’चं नाव घेणारे बहुतेकदा ती खरखर उचलतात. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो; तिथे प्रत्येक बदल मागे घेता येणं हा गुणच. गाण्यात याच सोयीमुळे कितीतरी चांगल्या चाली ‘मिक्स_७’, ‘मिक्स_७_फायनल’ अशा फाइलींत वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यात कच्चेपणाची उणीव नसते. हे गाणं कोण, कुणाला, किती अंतरावरून सांगतंय हे कुणी ठरवलेलंच नसतं, आणि फेडर हलवून ते ठरत नाही.

म्हणून मिक्सला बसण्याआधी गळा आणि एक वाद्य सोडून सगळं बंद करून एकदा ऐकावं. मग एकेक ट्रॅक उघडताना तो सांगणाऱ्या माणसाला सोबत करतोय की त्याच्यासमोर आडवा येतोय, एवढंच विचारावं. आडवा येणारा ट्रॅक पुसून टाकावा. नुसता म्यूट करून ठेवला तर तो पुढच्या आठवड्यात परत उघडला जातो.