आरसा, न्यायासन आणि संशय : कोरियन अद्भुत गुन्हेमालिकांतील करड्या व्यक्तिरेखा

कोरियातील अनेक बौद्ध मंदिरांच्या आवारात मृतांच्या न्यायनिवाड्याला वाहिलेले एक स्वतंत्र दालन असते. परलोकातील दहा राजांच्या मूर्ती वा चित्रे तेथे मांडलेली असतात आणि त्यांतील पाचवा राजा योमरा होय. हे नाव म्हणजे 'यमराज' या संस्कृत शब्दाचेच चीनमार्गे कोरियात पोहोचलेले रूप. योमराच्या दरबारात एक आरसा असतो. मृताने जिवंतपणी केलेले कर्म त्यात जसेच्या तसे उमटते. मराठी वाचकाला परिचित असलेल्या चित्रगुप्ताला निदान नोंद ठेवावी लागते आणि ती वाचून दाखवावी लागते. या आरशासमोर तेवढ्याचेही कारण उरत नाही. साक्षीदार, उलटतपासणी, पुरावा, अपील ही सारी मानवी न्यायाची उपकरणे तेथे अनावश्यक ठरतात.

२०१६ नंतरच्या काही कोरियन अद्भुत गुन्हेमालिका एकत्र ठेवून पाहिल्या, तर हा आरसा परलोकातून इहलोकात आणला गेल्याचे जाणवते. या मालिकांची चर्चा बहुधा त्यांतील 'करड्या' व्यक्तिरेखांच्या अंगाने होते. शुद्ध नायक आणि शुद्ध खलनायक यांची जुनी विभागणी मोडून हत्या करणारा नायक, कपट करणारा न्यायाधीश, सूड घेणारा पोलीस अशी पात्रे येथे उभी राहतात आणि हा व्यक्तिरेखाटनातील प्रौढपणा मानला जातो. हे कौतुक सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु पात्राच्या हातून वाईट कृत्य घडते एवढ्याने ते करडे ठरत नाही. त्याचे कृत्य योग्य की अयोग्य याविषयी संहितेतच खरा संशय शिल्लक असावा लागतो. आरसा हाती असलेल्या पात्राच्या बाबतीत हा संशय कितपत उरतो, हा या ठिकाणी मुख्य प्रश्न आहे.

या मालिकांमागील सामाजिक अस्वस्थता प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. गंभीर गुन्ह्याला मिळालेल्या सौम्य शिक्षेला कोरियन भाषेत 'कापसाच्या दंडुक्याची शिक्षा' म्हणतात. हा वाक्प्रचार तेथील वृत्तपत्रांत सर्रास आढळतो. कोरियाच्या कायद्यात देहदंड अजून आहे, पण ३० डिसेंबर १९९७ रोजी २३ जणांना फाशी दिल्यानंतर तेथे एकाही शिक्षेची अंमलबजावणी झालेली नाही. खुनाच्या खटल्याची कालमर्यादा दीर्घकाळ १५ वर्षांची होती. २००७ मध्ये ती २५ वर्षांवर नेण्यात आली आणि २०१५ मध्ये रद्दच झाली. कायद्याची ही मंद गती आणि नागरिकांचा संताप यांच्यामधील पोकळीत या मालिका वाढल्या. तेथील प्रेक्षकांनी आस्वादाची एक परिभाषाही घडविली आहे. दुष्टाला तत्काळ शासन होणारा प्रसंग म्हणजे 'सायडर', तहानेवर प्यायलेले थंडगार फसफसते पेय. आणि अन्याय लांबत जाणारा प्रसंग म्हणजे 'रताळे', घशात अडकलेला कोरडा घास. न्यायाची कल्पना येथे शारीरिक सुटकेच्या रूपात व्यक्त होते. ही सुटका प्रेक्षकाला कशाच्या मोबदल्यात मिळते, हे समीक्षेने तपासायला हवे.

अद्भुत आणि न्याय यांचा संबंध कोरियन कथापरंपरेत नवा नाही. मिर्यांग येथील आरांगची दंतकथा सर्वपरिचित आहे. स्थानिक अधिकाऱ्याच्या या मुलीची हत्या होते. तिचे भूत प्रत्येक नव्या दंडाधिकाऱ्यासमोर रात्री प्रकट होते आणि अधिकारी भीतीने प्राण सोडतात. अखेर एक धीराचा अधिकारी तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतो, मारेकऱ्याला शोधून शासन करतो आणि तिची सुटका होते. जांगह्वा आणि होंगर्योन या दोन बहिणींच्या कथेतही मृत मुली अधिकाऱ्याकडेच दाद मागतात. या कथांतील भूत समर्थ असूनही स्वतः शिक्षा करीत नाही. ते अर्जदार आहे आणि न्यायासन माणसाचेच आहे. अधिकाऱ्याची कसोटी त्याच्या बळाची नसून मेलेल्या माणसाचे बोलणे न घाबरता ऐकण्याच्या क्षमतेची आहे. याच दंतकथेवर आधारलेल्या 'आरांग अँड द मॅजिस्ट्रेट' (२०१२) या मालिकेत तर आरांगला आपण कसे मेलो हेच आठवत नाही. अर्जदारालाच तक्रारीचा तपशील ठाऊक नसल्याने शोध अटळ ठरतो.

किम उन-ही लिखित आणि किम वॉन-सोक दिग्दर्शित 'सिग्नल' (२०१६) ही मालिका या परंपरेची खरी वारसदार म्हणता येईल. बॅटरी नसलेल्या एका वॉकीटॉकीतून रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी भूतकाळातील पोलीस ली जे-हान वर्तमानातील पार्क हे-यंगशी बोलतो. हाही एका अर्थी मेलेल्याचा अर्जच आहे. मात्र यंत्रातून येतो तो केवळ आवाज, तोही खंडित. सबंध दृश्य दाखविणारा आरसा येथे नाही. या अपूर्णतेची किंमत मालिका वसूल करते. घरफोड्यांच्या एका प्रकरणात भविष्यातून आलेल्या सूचनेच्या आधारे ली जे-हान ज्याला पकडतो तो माणूस निर्दोष असतो. त्याची मुलगी पूल कोसळून मरते. सोल येथे १९९४ साली ३२ जणांचे बळी घेणाऱ्या सोंगसू पुलाच्या दुर्घटनेची ही उघड आठवण आहे. तुरुंगातून सुटलेला हा बाप पुढे स्वतःच गुन्हेगार होतो. न्यायाच्या तळमळीतून, चांगल्या माणसांच्या हातून, अद्भुताच्या साह्याने घडलेला हा अन्याय आहे. ली जे-हान आणि हे-यंग हे करडे ठरतात ते नियम मोडण्यामुळे नव्हे. आपल्याला सत्य कळले आहे, हा त्यांचा विश्वासच अपुरा होता हे त्यांना कळून चुकते, आणि तरीही शोध सोडता येत नाही. या दोहोंमध्ये त्यांचा करडेपणा आहे.

या मालिकेला ज्या प्रत्यक्ष प्रकरणाची पार्श्वभूमी आहे त्याचा पुढील इतिहास हा मुद्दा अधिक तीव्र करतो. ह्वासोंग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांच्या हत्या झाल्या. २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून खरा गुन्हेगार निश्चित झाला. दुसऱ्या एका हत्येबद्दल तो आधीच जन्मठेप भोगत होता. ह्वासोंगच्या शेवटच्या हत्येचीही कालमर्यादा २००६ मध्येच संपलेली असल्याने त्याच्यावर या गुन्ह्यांचा खटला भरता आला नाही. येथपर्यंतची हकीकत 'कापसाच्या दंडुक्या'विषयीच्या संतापाला पोषकच आहे. परंतु त्याच मालिकेतील आठव्या हत्येसाठी एका निरपराध माणसाने सुमारे वीस वर्षे कारावास भोगला होता. कोठडीत मिळविलेला कबुलीजबाब आणि सदोष वैज्ञानिक पुरावा यांवर ती शिक्षा उभी होती. न्यायालयाने त्याला डिसेंबर २०२० मध्ये निर्दोष ठरविले. एकाच प्रकरणात एक गुन्हेगार कायद्याच्या हातून निसटला आणि एक निर्दोष त्याच हातात सापडला. पहिल्या घटनेचा संताप दुसऱ्या घटनेच्या लज्जेपासून तोडला की न्यायाची कल्पना एकांगी होते. यापुढे विचारात घ्यावयाच्या मालिकांना हाच निकष लावता येईल.

'द जज फ्रॉम हेल' (२०२४) मध्ये आरसा पूर्णपणे न्यायाधीशाच्या हाती येतो. नरकातील न्यायाधीश युस्तितिया चुकीचा निवाडा करते आणि शिक्षा म्हणून कांग बिट-ना या मानवी न्यायाधीशाच्या देहात पृथ्वीवर पाठविली जाते. दुसऱ्याच्या मृत्यूला कारण झालेले, पश्चात्ताप नसलेले आणि मृताच्या आप्तांनी क्षमा न केलेले दहा जण ठार करून तिने नरकात धाडायचे आहेत. त्यासाठी ती न्यायालयात आरोपींना मुद्दाम सौम्य शिक्षा देऊन बाहेर सोडते; मग बळीने सोसलेल्या यातना त्यांना भोगायला लावून त्यांचा वध करते. सकृद्दर्शनी कांग बिट-नाइतकी करडी व्यक्तिरेखा दुसरी नाही. ती थंड आहे, स्वार्थी आहे, आपली मुदत आणि संख्या यांपलीकडे तिला आरंभी काही दिसत नाही. परंतु ती ज्यांना मारते त्यांच्या अपराधाविषयी प्रेक्षकाच्या मनात शंका राहू दिली जात नाही. नायिकेच्या स्वभावाचा काळा रंग अपराधाच्या या निश्चितीने आधीच धुऊन टाकलेला असतो. उरतो तो शैलीचा करडेपणा: पोशाखाचा, उद्धट संवादांचा, क्रूर विनोदाचा.

या रचनेत एक अंतर्विरोधही आहे. प्रेक्षकाचा संताप ज्या सौम्य निकालाने पेटतो तो निकाल येथे कायद्याच्या दुबळेपणातून आलेला नाही. तो न्यायाधीशाने लावलेला सापळा आहे. न्यायालय म्हणजे वधस्थानाची प्रतीक्षाखोली होते. तो निकाल कानी पडताना पीडितेला होणारी दुसरी जखम मात्र कथा हिशेबात धरत नाही, कारण पुढे मिळणारे 'सायडर' ती जखम भरून काढील असे तिने गृहीत धरले आहे. शिवाय कथेचा प्रारंभच एका चुकीच्या निवाड्याने झालेला आहे. नरकाचे न्यायासनही चुकू शकते, हे या मालिकेतील सर्वांत गंभीर विधान. पण नायिकेला पृथ्वीवर आणण्याचे काम होताच ते मागे पडते. बालपणी आपले कुटुंब एका खुन्याच्या हातून गमावलेला पोलीस हान दा-ओन कायद्याची बाजू मांडतो, तेव्हा काही काळ खरा ताण निर्माण होतो. सूडाचा सर्वाधिक अधिकार असलेला माणूस सूडाला नकार देत असल्याने त्याच्या शब्दाला वजन येते. मात्र आरशाच्या निश्चितीपुढे त्याचे म्हणणे युक्तिवाद म्हणून टिकत नाही, केवळ एका भल्या माणसाची भावना म्हणून टिकते.

येथे त्सव्हेतान तोदोरोव याने १९७० मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो. समोर घडलेल्या घटनेचे स्पष्टीकरण नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या विषयीची वाचकाची दोलायमान अवस्था म्हणजे 'फँटॅस्टिक', अशी त्याची व्याख्या आहे. अतिनैसर्गिकाचा एकदा स्वीकार झाला की ही अवस्था संपते आणि कथा निव्वळ अद्भुताच्या प्रदेशात जाते. तोदोरोवचे विवेचन साहित्यप्रकाराविषयीचे आहे, नीतीविषयीचे नाही. तथापि गुन्हेकथेत या दोलायमानतेला नैतिक मोल प्राप्त होते, कारण तिचा आकार आणि न्यायालयीन संशयाचा आकार एकच आहे. 'असे घडले असेल काय?' हा प्रश्न दोन्हीकडे मोकळा राहतो, आणि तो मोकळा असेपर्यंतच आरोपीला संशयाचा फायदा मिळू शकतो.

'अ किलर पॅराडॉक्स' (२०२४) ही कोमाबीच्या वेबटूनवर आधारलेली आठ भागांची मालिका या दोलायमानतेवरच उभी आहे. दुकानात काम करणारा ली तांग हा ध्येयहीन तरुण रागाच्या भरात हातोडीने एका माणसाला मारतो. मागाहून कळते की मेलेला माणूस स्वतःच फरारी खुनी होता. पुढचे बळीही अपराधी निघतात आणि प्रत्येक वेळी पुरावा कसा तरी नाहीसा होतो. दुष्ट माणूस समोर येताच ली तांगच्या अंगावर काटा उभा राहतो. ही दैवी देणगी आहे, की योगायोगांची मालिका, की खुन्याने स्वतःची घातलेली समजूत? येथे आरसा आहे, पण तो गुन्हा घडून गेल्यावर स्वच्छ होतो. हात उचलताना तो धूसरच असतो. ली तांगचा करडेपणा या कालक्रमात आहे. बळी अपराधी होता हे खरे, पण मारताना त्याला ते ठाऊक नव्हते. मग नंतर कळलेले सत्य आधीच्या कृत्याला न्याय्य ठरवू शकते काय? मालिका याचे सरळ उत्तर देत नाही. ती सोंग चोन हा माजी पोलीस समोर उभा करते. तोही 'वाईट' माणसांना मारतो, पण त्याच्यापाशी असली देणगी नाही, आहे ती केवळ खात्री. दोघांच्या कृत्यांत बाहेरून पाहता फरक दिसत नाही, आणि आपल्या अंगावरचा काटा म्हणजे देणगी की खात्री हे ली तांगलाही सिद्ध करता येत नाही. पोलीस जांग नान-गाम त्याचा पाठलाग सोडीत नाही, तेव्हा प्रेक्षकाची सहानुभूती दुभंगते. ती पुन्हा जुळवून देण्याची घाई संहिता करीत नाही.

योन सांग-हो यांची 'हेलबाउंड' (पहिला भाग २०२१) आणखी एक पाऊल पुढे जाते. एक अतिमानवी चेहरा माणसाला त्याच्या मृत्यूची वेळ सांगतो. त्या वेळी तीन काळे जीव येऊन त्याला ठेचतात आणि जाळतात. येथे अतिनैसर्गिकाविषयी शंका नाही. शंका आहे ती त्याच्या अर्थाविषयी. जोंग जिन-सू हा नव्या पंथाचा प्रमुख सांगतो की ही पाप्यांना मिळणारी दैवी शिक्षा आहे. एकदा हे मान्य झाले की तर्क उलटा चालू लागतो. पार्क जोंग-जा या दोन मुलांच्या आईला शिक्षा ऐकविली गेली, त्या अर्थी तिने पाप केलेच असले पाहिजे, म्हणून जमाव तिचे पाप हुडकू लागतो. निकाल आधी आणि आरोप नंतर! आरशाच्या न्यायाचे हे नेमके रूप आहे. जिन-सूला स्वतःलाच वीस वर्षांपूर्वी हा आदेश मिळालेला होता आणि त्यामागे कोणतेही पाप त्याला सापडले नव्हते, हे उघड होते तेव्हा त्याची व्यक्तिरेखा करडी होते. निरर्थकतेची भीती टाळण्यासाठी त्याने जगाला भीतीचीच नीती दिली. पत्नीच्या खुन्याला अल्प शिक्षेवर सुटलेले पाहणारा पोलीस आणि त्या खुन्याला जाळण्यात सामील झालेली त्याची मुलगी यांच्यातही हाच पेच उतरतो. अखेर एका नवजात अर्भकाला आदेश मिळतो, आणि पाप व शिक्षा यांचा गृहीत संबंध तुटतो. आरसा फुटला असे म्हणण्यापेक्षा तो आरसा नव्हताच, असे म्हणणे अधिक योग्य.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. ज्या समाजात पीडितांना न्यायालयातून रिकाम्या हाती परतावे लागते, तेथे पडद्यावरची क्षणिक सुटका नाकारण्याचा अधिकार समीक्षेला कोणी दिला? हा आक्षेप गंभीर आहे. 'सायडर'ची तहान खोटी नाही आणि तिला हिणविणे हा सुरक्षित माणसाचा उद्धटपणा ठरेल. पण ह्वासोंगच्या निरपराध माणसाला तुरुंगात नेणाऱ्यांनाही खात्रीच होती. संतापाला न्याय मिळवून देताना कथा जर संशयच नष्ट करीत असेल, तर ज्या पुढच्या माणसावर आरोप येईल त्याच्या वाट्याला काहीच शिल्लक राहत नाही.

म्हणून या मालिकांतील करड्या व्यक्तिरेखांचे मूल्यमापन त्यांच्या क्रौर्याच्या प्रमाणावरून करणे अपुरे आहे. अद्भुत हे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहे की न्यायासनावर बसले आहे, हे पाहावे लागते. 'सिग्नल'मध्ये ते पिंजऱ्यात आहे; 'अ किलर पॅराडॉक्स'मध्ये त्याची साक्ष संदिग्ध आहे; 'हेलबाउंड'मध्ये ते न्यायासनावर असल्याचा भास ही माणसांची करणी आहे; 'द जज फ्रॉम हेल'मध्ये मात्र ते खरोखरच आसनस्थ आहे, आणि म्हणून तेथील नायिका दिसते तितकी करडी नाही. आरांगच्या दंतकथेतील धीराच्या अधिकाऱ्यापाशी आरसा नव्हता. त्याच्यापाशी एक गाऱ्हाणे होते, ते ऐकण्याचे धैर्य होते आणि उजाडल्यावर करावयाचा तपास होता. या तिहींतील शेवटची गोष्ट कोणत्या मालिका विसरल्या आणि कोणत्या विसरल्या नाहीत, यावरून या प्रकाराचा पुढील विचार व्हावयास हवा.